मिंट टाकून मिळालेले आठ थिंकपॅड आणि माझे १,०८,००० रुपये

सेकंडहँड लॅपटॉपमध्ये कसं फसवतात ते आता सगळ्यांना पाठ आहे. बॅटरी मेलेली, स्क्रीनवर ठिपके, आय५ सांगून आय३. ते परत लिहीत बसत नाही. मला फसवलं ते लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोकळी सिस्टम, मिंट हा तिचाच एक प्रकार) दाखवून, म्हणजे ज्या गोष्टीसाठी कॉलेजपासून लोकांशी भांडत आलोय त्याच गोष्टीचा गळ करून, म्हणून जास्त जळतंय. रक्कम आधीच सांगून टाकतो. आठ लॅपटॉप, प्रत्येकी १३,५००, एकूण १,०८,०००, वर टेम्पोचे १,८००. त्यातले ४५,००० माझे, आणि ६३,००० गावच्या वाचनालयासाठी गोळा केलेल्या वर्गणीचे. माझे गेले ते गेले, पण वर्गणीचे आठवले की पोटात गोळा येतो.

वाचनालयाची आयडिया माझीच. बेळगाव तालुक्यातलं साधं गाव, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेवाली पोरं पेपर वाचायला येतात, तिथं एका बाजूला आठ मशीन लावायच्या, मिंट आणि लिबरऑफिस टाकायचं, मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग शिकवायचं, कारण सरकारी अर्ज कन्नडमध्ये आणि घरचं सगळं मराठीत, पोरांना दोन्ही लागतंच. विंडोजच्या लायसन्सला पैसे घालायचे नाहीत, चोरीचं विंडोज तर अजिबात नाही. कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं होतं, फुकट मिळतंय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. त्यांना मी फ्री सॉफ्टवेअर म्हणजे फुकट नव्हे, स्वातंत्र्य, असं लांबलचक लेक्चर दिलं. आता रस्त्यात दिसले की ते काही बोलत नाहीत, नुसतं बघतात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप पाहिजे, त्यामुळे कंपन्यांनी सातव्या पिढीपर्यंतच्या मशीन ढिगाने बाहेर काढल्या. आमच्यासारख्यांची दिवाळी. मला खरं तर तसलीच सहावी-सातवी पिढी चालली असती. पण जाहिरातीत दिसला थिंकपॅड टी४८०. आमच्यातल्या लोकांना टी४८० म्हणजे काय ते सांगायला नको, दोन बॅटऱ्या, रॅम बदलता येते, मागचं झाकण सरळ निघतं, आणि २०२४ च्या शेवटी त्यावर लिबरबूट (मशीन सुरू करणाऱ्या बायोसच्या जागी बसणारं मोकळं सॉफ्टवेअर) पण आलं. सोळा जीबी रॅमसकट १४,०००. मी आधी जिथं जिथं विचारलं होतं तिथं अठराच्या खाली कुणी बोलत नव्हतं.

टी४८० आठव्या पिढीचा आहे. म्हणजे त्यावर ११ व्यवस्थित चालतं. मग कुठली कंपनी चालती मशीन एवढ्या स्वस्तात आणि एवढ्या गठ्ठ्याने सोडेल? हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता, मला, जो दुसऱ्यांना हार्डवेअरवर सल्ले देत फिरतो. पण डोळ्यासमोर आठ टी४८० एका ओळीत लागलेले दिसत होते ना.

विकणारा निपाणीच्या पलीकडे, महाराष्ट्रात, हायवेला लागून एका गाळ्यात बसलेला. गावाचं नाव आणि त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस कसला तयारीचा. टेबलावरच्या लॅपटॉपवर डेबियनचा, म्हणजे लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराचा, लाल स्टिकर. मी बसल्या बसल्या लिनक्सवाल्यांचा सिस्टमडीवरचा जुना वाद त्यानेच काढला, मग स्नॅप पॅकेजला शिव्या घातल्या, मग म्हणाला, "मशीन आपली तर तिच्यावर हुकूम पण आपलाच पाहिजे, काय?" हे माझंच वाक्य की ओ. वरून "सीमाभागातल्या आपल्या पोरांसाठी घेताय म्हटल्यावर मी नफा धरत नाही" म्हणून नगामागे ५०० कमी केले. लिनक्सवाला आणि वर आपला मराठी माणूस. बेळगावात राहणाऱ्याला हे दुसरं बरोबर कुठं लागतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. जो विकणारा मशीनपेक्षा तुमच्या मतांवर जास्त बोलतो त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आता ते दोन मिनिटं, जी माझ्या डोक्यातून जात नाहीत.

टेबलावर आठही लॅपटॉप उघडून ठेवलेले, सगळे चालू, सगळ्यांवर मिंटचा डेस्कटॉप. "तुमचा वेळ वाचवला सर, इन्स्टॉल करूनच ठेवलंय." मी खूश. तरी सवयीने खिशातली व्हेंटॉयवाली पेनड्राइव्ह काढली आणि म्हटलं एकेक लाइव्ह बूट करून, म्हणजे डिस्कऐवजी पेनड्राइव्हवरून सुरू करून बघतो. त्याने लगेच पहिला लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, "बघा की, बिनधास्त." रिस्टार्ट केला, एफ१२ दाबलं, बूट मेनू आला, पेनड्राइव्ह दिसली, सगळं ठीक. दुसऱ्याला हात घातला तर त्याचा पोरगा म्हणाला, "सर त्याची बॅटरी पाच टक्क्यावर आहे, बंद पडली तर मिंट खराब व्हायचं." चार्जर? चार्जर गोडाऊनला. टी४८० टाइप-सीवर चार्ज होतो, माझ्या बॅगेत टाइप-सीचा चार्जर होता. होता! मी तो काढला नाही. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता, समोर चहा आलेला, एवढ्या आपुलकीने बोलणाऱ्या माणसाला "नाही, मी आठही बघणार" म्हणायला जीभ रेटली नाही. पोरग्याच्या हाताकडे मात्र माझं लक्ष गेलं होतं. त्याने झाकण हळूच अर्धं खाली केलं होतं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह जवळजवळ भरलेलं दिसत होतं. बघितलं आणि सोडून दिलं.

पैसे असे गेले: २०,००० आधी ॲडव्हान्स यूपीआयने, ४८,००० माल उचलताना यूपीआयने, ४०,००० रोख. यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं, म्हणाला मिसेसचं अकाउंट. पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर, म्हणजे १९,४४० जास्त. मी कच्च्या चिठ्ठीवर भागवलं. यावरून मला फार ऐकवलंय लोकांनी, पण वर्गणीच्या पैशातले एकोणीस हजार वाचत असतील तर तुम्ही काय केलं असतं सांगा. बेळगावच्या मारुती गल्लीत पाचशेची वस्तू घेताना बिल न घेणारे मला जीएसटी शिकवायला येतात.

बेळगावला आणून वायफायला जोडले तर राउटरच्या यादीत एकाच नावाची आठ डिव्हाइसं. होस्टनेम सगळ्यांचं सेम. मशीन-आयडीची फाइल उघडून बघितली, ही ओळख प्रत्येक मशीनची वेगळी पाहिजे, ती पण आठांची अक्षरन् अक्षर सारखी. म्हणजे एकच डिस्क बनवून तिच्या आठ कॉप्या मारलेल्या. मी चक्क हसलो, म्हटलं हुशार माणूस, क्लोन करून काम उरकलंय. त्याला क्लोन का करावं लागलं हे डोक्यात आलंच नाही. त्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करताच येत नव्हतं म्हणून एसएसडी बाहेर काढून, दुसरीकडे मिंट भरून, परत आत बसवली होती.

उघडं पडलं दोन आठवड्यांनी. वाचनालयात येणाऱ्या एका बीकॉमच्या मुलीला टॅली पाहिजे होतं, म्हणून एका मशीनवर विंडोज टाकायला घेतलं. एफ१२, तर पासवर्ड. एफ१ दाबून बायोसमध्ये जायला बघितलं, तिथं पण पासवर्ड. मग पाठोपाठ बाकीचे लावले. आठातले सहा कुलूपबंद, मला दाखवलेला आणि अजून एक तेवढे मोकळे. बायोसचा हा सुपरवायझर पासवर्ड म्हणजे आतला बटणसेल काढून उडणारा पासवर्ड नव्हे, थिंकपॅडमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये बसतो, विसरला तर कंपनीचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला. एकाची एसएसडी काढून दुसऱ्या मशीनवर विंडोजची फक्त पहिली पायरी केली आणि परत त्यात बसवून सुरू केली. इंटरनेटला जोडल्याबरोबर पडद्यावर एका मोठ्या कंपनीचं नाव, लोगो, आणि तुमचा ऑफिसचा ईमेल टाका.

ऑटोपायलट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कंपनी आपल्या मशीनची हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवते, तुम्ही डिस्क बदला, फॉरमॅट मारा, विंडोज नव्याने टाकून नेटला जोडलं की ती मशीन आपला जुना मालक सांगते. हरवलेली मशीन शोधणारं बायोसमधलं ॲब्सोल्यूट, जुनं नाव कॉम्प्युट्रेस, ते पण विंडोजमध्ये शिरूनच काम करतं. आणि लिनक्सवर? लिनक्सवर यातलं काही दिसतच नाही. म्हणून मिंट. माझा वेळ वाचवायला नव्हे, चोरीचा नाहीतर भाड्याचा माल झाकायला. विंडोज टाकून दिलं असतं तर पहिल्या दिवशी बोंब झाली असती. मामांना सांगितलं तर म्हणाले, "खुळ्या, बैल घेताना पण दात बघतात की."

दोघातिघांनी सल्ला दिला, चिप प्रोग्रॅमर लाव, पासवर्ड उडव, गप्प वापर. मला येतं ते. पण मशीन कुणाच्या मालकीची हेच माहीत नाही, त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे चोरीचा माल बाळगण्याचं, आणि लावायच्या कुठं तर गावच्या सार्वजनिक वाचनालयात! वस्तू आपल्या मालकाचंच ऐकली पाहिजे असं मी म्हणतो, पण मालक मी आहे हे तर आधी ठरू दे. त्या कंपनीला सिरियल नंबरसकट मेल केला. आपोआप येणारं तिकीट आलं, पुढं शांतता. विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद, गाळ्याला दुसरंच शटर.

पुढची कथा पोलिसांची. आमच्या बाजूच्या ठाण्यात पहिलं उत्तर, "साहेब्रु इल्ला, नाळे बर्री," म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. साहेब भेटले तेव्हा अर्ज मराठीत का. टेबलावरचा हवालदार घरी मराठी बोलणारा, मला ओळखणारा, तो पण म्हणतो कन्नडमध्ये आणा. मला कन्नड बोलता येतं, वाचता येतं, लिहायला जरा अडखळतो. घटनेचं कलम ३५० म्हणतं की गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. हे तिथं बोललो, तर "मग दिल्लीला द्या" असं उत्तर. ठीक आहे, कन्नडमध्ये लिहून घेतलं एकाकडून, ३०० रुपये. वाचून साहेब म्हणतात हे सिव्हिल मॅटर आहे, आणि घडलंय महाराष्ट्रात, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे कर्नाटकातल्या खात्यातून गेलेत, राहणार कर्नाटकचे, तिकडेच द्या. सत्तर वर्षं दोन राज्यं ही जमीन आमची म्हणून भांडतायत, आणि या जमिनीवरच्या माणसाची तक्रार आली की दोघांनाही ती दुसऱ्याची वाटते. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा लागू आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो ठाण्याने नोंदवून घ्यायचा आणि मग पाठवायचा, झिरो एफआयआर. छापील कागद घेऊन गेलो होतो. त्याने तो चहाच्या कपाखाली ठेवला. ठाण्यात घेतलं नाही तर त्याच कलमात एसपींना पोस्टाने लेखी पाठवायची सोय आहे, मी रजिस्टर पोस्टाने पाठवलंय, तुम्ही पण पोच घेतल्याशिवाय काही देऊ नका. बँकेत तर, "तुम्हीच पाठवलेत, ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे," असं अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासात फोन गेला तर पैसे अडवता येतात, मला कळलं तोवर ते कधीच पुढं गेलेले.

ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथंच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण पुरावा म्हणून माझ्याकडे यूपीआयचे ६८,००० आणि एक चिठ्ठी. रोख ४०,००० दिले हे सिद्ध कुठून करणार. वकील म्हणतात व्हॉट्सॲपवरचं बोलणं डिलीट करू नका, फोन बदलू नका.

घ्यायचेच असतील तर प्रत्येक मशीन, दाखवलेली नव्हे, प्रत्येक, स्वतः बंद करून चालू करा. थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०, बायोसमध्ये जाऊन एखादी सेटिंग बदलून सेव्ह होते का बघा. ॲब्सोल्यूटच्या पुढं ॲक्टिव्हेटेड असेल तर उठा. खालचा सिरियल नंबर आणि लिनक्समधल्या डीएमआयडीकोड कमांडने दिसणारा नंबर जुळतो का बघा. आणि हो, कितीही पटत नसलं तरी विंडोजचा इन्स्टॉलर घेऊन जा, नेटला जोडून पहिल्या पडद्यापर्यंत न्या, मगच पैसे. माझ्यासारख्या माणसाला हे लिहावं लागतंय याची लाज वाटते, पण तेच खरं आहे. चार्जर आपला न्या.

वाचनालयात दोन मशीन चालू आहेत, पोरं पाळीपाळीने बसतात. सहा मी सिरियल नंबर लिहून, फोटो काढून, कमिटीच्या सहीने बांधून ठेवलेत. ६३,००० मी पगारातून महिन्याला ५,००० असे परत करतोय, कुणी मागितले नाहीत तरी. आणि परवा एका मित्राने जाहिरात पाठवली, नवीन नंबर, नवीन नाव, आता टी१४, "लिनक्स मिंट प्रीइन्स्टॉल्ड, विद्यार्थ्यांसाठी खास सवलत", १७,०००. फोटोत टेबल तेच, डेबियनचा स्टिकर तोच. मी दुसऱ्या नंबरवरून फोन करून फक्त एवढंच विचारलं की सगळ्यांचं बायोस उघडून व्हिडिओ पाठवता का. फोन कट.