चेस क्लब काढायचाय: जिमखान्यात की लायब्ररीच्या व्हरांड्यात?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजात बुद्धिबळाचा क्लब काढायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. फिजिकल डायरेक्टर सरांना गाठून जिमखान्याखाली रीतसर क्लब सुरू करायचा, नाहीतर चार-सहा जणांनी वर्गणी काढून गुंडाळायचे पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या घ्यायच्या आणि मिळेल त्या टेबलावर मांडून बसायचं. मी दोन्ही करून पाहिलंय. कुठली वाट बरी हे कॉलेजागणिक बदलेल, पण माझा कल लपणार नाही, म्हणून आधी जिमखान्याच्या जमेच्या बाजू सांगतो.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरायचं असेल तर कॉलेजच्या सही-शिक्क्याशिवाय गत्यंतर नाही. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघात निवड झाली की पुढे दक्षिण विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायला मिळतं. गंमत म्हणजे निपाणीला खेटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात, म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं, त्यामुळे निपाणीच्या एकाच गल्लीतली दोन पोरं कॉलेज वेगळं म्हणून एक दक्षिण आणि एक पश्चिम विभागात खेळू शकतात. शिवाय हजेरीची सवलत, प्रवासखर्च, बरी घड्याळं हेही जिमखान्यातूनच येतं. आणि शेवटच्या वर्षाची मुलं गेली तरी सामान कॉलेजातच राहतं. मुलांच्या क्लबात ते कुणाच्या तरी पिशवीतून घरी जातं आणि मग जातंच.

एवढं सगळं असून माझं मन तिथून उडालं ते एका किल्लीमुळे. पट आणि घड्याळं जिमखान्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. सर भले माणूस, पण कबड्डी-व्हॉलीबॉलचा हंगाम आला की संघ घेऊन गावोगाव. किल्ली त्यांच्याबरोबर. शिपायाला विचारलं तर तो म्हणणार, सर आल्यावर या. मधल्या सुट्टीत दहा-बारा पोरं कपाटासमोर उभी राहायची, मोबाइल काढायची आणि पांगायची. एकदा पांगलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी येईलच असं नाही. नवा क्लब बंद पडायला भांडण लागत नाही, सलग आठवडाभर कुलूप पुरतं. किल्लीची दुसरी प्रत मागितली, तर ती प्राचार्यांच्या परवानगीवर अडली. तुमच्याकडे सर किल्ली सोपवत असतील तर माझा निम्मा आक्षेप इथेच संपला, हे मान्य.

उरलेला निम्मा स्पर्धेच्या पद्धतीबद्दल. मैदानी खेळांच्या सवयीने जिमखान्यात सगळं नॉकआउट. 16 जण आले तर पहिल्याच फेरीत 8 घरी, आणि घरी जाणारी बहुतेक नवखीच. सगळी स्पर्धा मिळून डाव होतात 15. तीच मुलं स्विस पद्धतीने, म्हणजे कुणालाही बाहेर न काढता दर फेरीला साधारण सारख्या गुणांच्या जोड्या लावून, 5 फेऱ्या खेळली तर 40 डाव होतात. हरलेल्याची गाठ हरलेल्याशी पडते, त्यामुळे नवख्यालाही एखादा गुण मिळतो आणि तो पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतो. क्लबची याहून चांगली जाहिरात मला अजून सापडलेली नाही. जोड्या लावायला वही पुरते. लिचेस या बुद्धिबळाच्या मोफत वेबसाइटवर टीम काढली तर तिथे स्विस फुकटात होतं, तेही सुट्टीच्या दिवसांत बरं. पण फक्त ऑनलाइनवर भिस्त ठेवू नका, शेजारी उभं राहून चाल सुचवणारे आगाऊ मित्र तिथे भेटत नाहीत आणि त्यांच्यातूनच पुढचे सभासद मिळतात.

व्हरांड्याचा आणखी एक फायदा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला खेळ दिसतो. आमच्या भागातल्या खेड्यांतून काही पोरं आजोबांकडून देशी नियम शिकून येतात: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, आणि शह न बसलेल्या राजाला एकदा घोड्याची चाल. अशा पोराला जिमखान्यातल्या स्पर्धेत थेट बसवलं की दोन घरं चाललेलं प्यादं बघून तो वाद घालतो आणि उठून जातो. व्हरांड्यात तो आधी उभा राहून बघतो, मग विचारतो. भिंतीवरच्या फळ्यावर रोज एक कोडं काढा, ‘पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात’. नोटीस कुठल्या भाषेत काढायची यावर आपल्याकडे जी चर्चा होते, तीही आकृतीमुळे टळते.

आम्ही आधी कॅन्टीनमध्ये बसायचो. चहा हाताशी हे खरं, पण मुली फिरकत नव्हत्या. कॅरम आणि टेबल टेनिसच्या गर्दीमुळे जिमखान्यातही त्या येत नव्हत्या. लायब्ररीबाहेर हललो तेव्हा चित्र बदललं. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, त्यानंतर तर मुलींना खेळायला बोलवावं लागू नये. जागा तेवढी नीट हवी. फक्त ग्रंथपालांना आधी विचारा आणि घड्याळावर धपाधप हात मारणाऱ्यांना आवरा.

वेळेचं म्हणाल तर प्रत्येकाला 5 मिनिटं, शिवाय दर चालीला 3 सेकंद जादा. 40 चालींचा डाव झाला तरी 14 मिनिटांत उरकतो, खानापूरची बस धरणाऱ्यांनाही जमतो. मोबाइलमधलं घड्याळ चालतं.

बाहेरच्या खुल्या मानांकन स्पर्धांना कॉलेजचा शिक्का लागत नाही, खेळाडूची स्वतःची नोंदणी पुरते. सांगलीत बुद्धिबळाची जुनी परंपरा आहे, तिथल्या नूतन बुद्धिबळ मंडळाचं नाव ऐकलं असेलच. मिरजेची रेल्वे धरली की फार लांब नाही. म्हणजे जिमखान्यावाचून अडतं ते विद्यापीठाच्या संघापुरतं.

तेवढ्यासाठी नाव जिमखान्यात जरूर नोंदवा. सर मैदानाच्या धावपळीत पडायच्या आधी, सत्राच्या सुरुवातीलाच प्रवेशपत्रिकांचं विचारून ठेवा. जिमखान्याची घड्याळं कपाटात राहिली तर राहू देत. वर्गणीचे पट मात्र पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या, शक्यतो कॉलेजजवळ राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या, आणि किती सोंगट्या दिल्या ते ग्रुपवर लिहून ठेवा. वजीर फार हरवतात.