सामान लादून घाट चढताना: टूरिंग सायकल, तंबू आणि पॅनिअरचा महिनोन्‌महिन्यांचा अनुभव

जोडीनं सायकलवर तंबू टाकत फिरायचं मनात आलं की सगळे आधी वजनाचं विचारतात. सायकल किती किलोची, तंबू किती ग्रॅमचा. आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरचे. दिवाळीनंतर हे सामान घेतलं, हिवाळाभर मराठवाड्यातल्या घाटांत वापरलं आणि मे महिन्यात तेच घेऊन स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलो. इतक्या वापरानंतर माझं ठाम मत आहे: वजनाचं नंतर बघा, आधी सायकलचा सगळ्यात हलका गिअर बघा.

आमच्या सायकली स्टीलच्या आहेत. पुढे तीन चक्रं, त्यातलं लहान २६ दात्यांचं. मागचं सगळ्यात मोठं ३४ दात्यांचं. म्हणजे पेडलचा एक फेरा मारला तर मागचं चाक पूर्ण एकदाही फिरत नाही, पाऊण फेराच होतो. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सहा किलोमीटरच्या आसपास वेग पडतो. वेग म्हणून हे काहीच नाही, पण तोल राहतो, गुडघे दुखत नाहीत आणि सायकल ढकलावी लागत नाही. दुकानांत ‘ॲडव्हेंचर’ नावाखाली मिळणाऱ्या बऱ्याच सायकलींचा सगळ्यात हलका गिअर एकास एकच्या आसपास असतो, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचाही एक फेरा. रिकाम्या सायकलवर तो पुरतो. पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या, लटकवल्यावर पुरत नाही.

आमच्या शहराजवळच्या डोंगरावर, म्हैसमाळला जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. म्हैसमाळ १,०६७ मीटरवर आहे खरं, पण आपलं शहरच साडेपाचशे मीटरच्या वर वसलेलं. खुलताबादपर्यंत चढ टप्प्याटप्प्यानं येतो, मध्ये दम खायला सपाटी मिळते. स्कॉटलंडमधल्या ‘बेलाख ना बा’ या घाटाची उंची फक्त ६२६ मीटर आहे, मात्र रस्ता किशॉर्नच्या खाडीकाठून, जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो आणि नऊएक किलोमीटरमध्ये तेवढी सगळी उंची गाठतो. वरच्या नागमोडी वळणांवर चढ वीस टक्क्यांपर्यंत जातो. पायथ्याशी शिकाऊ चालक आणि मोठ्या वाहनांसाठी इशाऱ्याची पाटी आहे. तिथे आमचा २६-३४ चा गिअर अक्षरशः तारणहार ठरला. रस्ता एकपदरी, पण वाहनांना बाजूला थांबायला ठरावीक अंतरावर जागा केलेल्या आहेत. मागून गाडी आली की तिथे बाजूला व्हायचं, पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडलं. पलीकडे ॲपलक्रॉस गावाकडे उतरताना ओल्या रस्त्यावर डिस्क ब्रेकनी जीव शांत ठेवला. ब्रेक पॅड मात्र भराभर झिजतात. पावसात रस्त्यावरची बारीक रेती त्यांना खाऊन टाकते, तेव्हा जादा जोडी जवळ ठेवाच.

टायर श्वाल्बेचे मॅरेथॉन प्लस. जड आहेत, एकेक किलोच्या जवळपास. तरीही मराठवाड्यात दुसरा टायर मी लावणार नाही, कारण इथे खरा शत्रू बाभळीचा काटा. या टायरमध्ये पाच मिलिमीटर जाडीचा रबराचा थर आहे, बहुतेक काटे त्यातच अडकून राहतात. संध्याकाळी चिमट्यानं उपटून टाकायचे. स्कॉटलंडपुरतं बोलायचं तर हलके टायरही चालले असते.

पावसाळी रस्त्यावरून शेतात उतरायचं असेल तर मडगार्ड आणि टायर यांच्यात चांगली दोन बोटं जागा हवी. आपली काळी माती ओली झाली की आत भरते आणि चाक जाम होतं. ही जागा सायकल घेतानाच मोजा, नंतर काही करता येत नाही.

पॅनिअर मागे ऑर्टलिबच्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या. स्कॉटलंडमध्ये टॉरिडनकडे दिवसभर आडवा पाऊस लागला, आतले कपडे कोरडे राहिले. पुढच्या पिशव्या दुसऱ्या कंपनीच्या, स्वस्त; त्यातल्या एकीचा हुक मांजरसुंब्याच्या घाटात तुटला. कापड अजून उत्तम आहे, पण हुकाचं प्लास्टिक भरवशाचं नाही. कॅरिअरचे स्क्रू आठवड्यातून एकदा आवळा.

जोडीनं जाताना सामानाची वाटणी हा मोठा विषय आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. समसमान वाटलं की ताकदवान माणूस पुढे जाऊन वाट बघत बसतो आणि मागचा विश्रांतीशिवाय दमत राहतो. आम्ही तंबू, शेगडी, हत्यारं नवऱ्याकडे दिली. स्लीपिंग बॅगा आणि कपडे माझ्याकडे. चढावर दोघांचा वेग जुळला आणि गप्पा मारत चढता येऊ लागलं. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

तंबू दोन माणसांचा, दुहेरी कापडाचा, स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा. हे शेवटचं फार कामाचं आहे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात खुंट्या धरत नाहीत आणि स्कॉटलंडच्या दलदलीच्या मऊ जमिनीत ठोकल्या तशा वर येतात. बाहेरचं कापड पॉलिएस्टरचं घ्या. नायलॉन भिजलं की सैल पडतं. आतली जाळी बारीक हवी. स्कॉटलंडमधली चिलटं साध्या मच्छरदाणीतून आरामात आत येतात. वारा पडला, संध्याकाळ झाली की झुंडीनं येतात. म्हणून जरा वाऱ्याची जागा निवडायची.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं मोकळ्या माळावर, जबाबदारीनं, थोड्या लोकांनी तंबू टाकायला मुभा आहे. पिकाच्या शेतात नाही. लॉख लोमंड सरोवराच्या परिसरात काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, तेवढं आधी बघून घ्या. आपल्याकडे कायदा वगैरे शोधण्यापेक्षा जवळच्या वस्तीवर जाऊन विचारायचं. पाटोद्याकडे एका मामांना विचारलं तर म्हणाले, ‘‘रानात कशाला पडता, ओसरी मोकळीच हाय की.’’ तंबू लावला तर सकाळी चहा घेऊन आले.

शेगडी स्क्रूच्या गॅसडब्यावर चालणारी. डबा विमानात कोणत्याच सामानात चालत नाही, इन्व्हर्नेसला उतरल्यावर घेतला. दशम्या आठवडाभर पुरत नाहीत, शेंगदाण्याची चटणी पुरते. तिथल्या ओटच्या बिस्किटांवर ती छान लागते.

पैसे मोजके असतील तर आधी सायकल दुकानात नेऊन मागे ३४ किंवा ३६ दात्यांची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच, त्यातलं सगळ्यात मोठं चक्र एवढ्या दात्यांचं) बसते का विचारा, मग टायर, मग मागच्या पॅनिअर. हलका तंबू सगळ्यात शेवटी.