आधी घर की आधी सुधारणा?

बेघर माणसाला घरापर्यंत नेण्याची जुनी वाट जिन्यासारखी आहे. आधी रात्रनिवारा, मग व्यसनमुक्ती, उपचार, तात्पुरती खोली आणि सगळं जमलंच तर शेवटी कायमचं घर. एक पायरी चुकली की माणूस पुन्हा रस्त्यावर. आणि पायरी चुकतेच. औषधं वेळेवर घ्यायला, कागदपत्रं जपायला, रात्री सलग झोपायला मुळात आतून कडी लावता येणारी खोली लागते.

'हाउसिंग फर्स्ट' म्हणजे 'आधी घर', याच्या नेमकं उलट. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी ही पद्धत सुरू केली. आधी भाडेकरार आणि किल्ली. उपचारांची सक्ती नाही, पण मदतनीस घरी येत राहतात. कॅनडात २००९ ते २०१३ दरम्यान ५ शहरांत २,००० हून अधिक लोकांना घेऊन चाचणी झाली, त्यात घर टिकण्याच्या बाबतीत हीच पद्धत सरस ठरली. व्यसन सुटण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही (हे तिचे समर्थक जरा हळू आवाजात सांगतात). फिनलंडने २००८ पासून जुन्या निवाऱ्यांचंच भाड्याच्या घरांत रूपांतर करायला घेतलं.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे. पण परवडणारी घरंच नसतील तर किल्ली कशाची देणार? तोवर आजच्या रात्रीपुरता निवारा लागतोच.