नक्षी शाबूत, पण रबर सात वर्षांचं: टायर कधी बदलायचे आणि कोणते घ्यायचे

आमच्या घरी दोन गाड्या आहेत आणि यंदा दोन्हींच्या टायरचा प्रश्न एकाच वेळी आला. बाबांची वॅगनआर २०१९ ची. सात वर्षांत जेमतेम २१,००० किलोमीटर चालली, कारण बाजारहाट, दवाखाना आणि कधीमधी तळेगावला मावशीकडे एवढाच तिचा प्रवास. माझी स्विफ्ट २०२२ ची आणि तिचे ४६,००० किलोमीटर झाले आहेत, कारण चिपळूणला सासुरवाडी आहे आणि दर महिन्या-दीड महिन्याने कुंभार्ली घाट उतरावा लागतो. मे महिन्यात बाबांना लग्नासाठी समृद्धीवरून नागपूरला जायचं होतं आणि मला जूनमध्ये कोकणात. आधी कोणत्या गाडीचे टायर बदलायचे?

बाबांचं उत्तर तयार होतं. "माझ्या टायरची नक्षी बघ, नव्यासारखी आहे. तुझे बदल." खोली मोजायचं छोटं साधन स्वस्तात मिळतं, ते लावून मोजलं. बाबांच्या टायरवर ५ मिलिमीटर नक्षी शिल्लक होती, माझ्या पुढच्या दोन्हींवर २.५. नवा टायर साधारण ७ ते ८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे झिजेच्या हिशेबाने बाबाच बरोबर होते. तरीही मी त्यांचे टायर आधी बदलायला लावले.

टायरची झीज आणि टायरचं वय ही दोन वेगळी घड्याळं आहेत. झीज डोळ्यांना दिसते. वय बघायचं तर टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी लागते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाबांच्या टायरवर ०८१९ होतं, म्हणजे २०१९ चा आठवा आठवडा. ही तारीख टायरच्या एकाच बाजूला असते. टायर उलटा बसवलेला असेल तर ती आतल्या अंगाला जाते, तेव्हा बॅटरी घेऊन वाकून बघावं लागतं.

कमी चाललेली गाडी टायर जपते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात उभ्या गाडीचा टायरही म्हातारा होत असतो. हवेतला ओझोन आणि ऊन रबराला तडे पाडतात. ते रोखायला रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात आणि टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येतात. गाडी आठवडेच्या आठवडे सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असेल तर ही डागडुजी होत नाही. बाबांच्या टायरच्या बाजूला, रिमपासून दोन बोटं वर, केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी दिसत होती. नक्षीच्या खाचांच्या तळाशीही तशाच रेषा होत्या. शहरात ४० च्या वेगाने या टायरने कदाचित आणखी वर्ष काढलं असतं. पण विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि समृद्धीच्या काँक्रीटवर मोटारीला १२० ची मुभा आहे. तासन्‌तास एका वेगाने पळताना टायर आतून तापत राहतो. त्यात हवा कमी असेल तर बाजूची भिंत जास्त वाकते आणि उष्णता आणखी वाढते. जुन्या रबराची आतल्या पोलादी तारांच्या पट्ट्यांवरची पकड सैल झालेली असते, ती तिथेच सुटते. नक्षी ५ मिलिमीटर असली तरी यात तिचा काही उपयोग होत नाही.

आता माझी गाडी. टायर चारच वर्षांचे, भेगा नाहीत, रबर चांगलं. पण नक्षी संपत आलेली. खाचांच्या मध्ये लहान उंचवटे असतात, तो झिजेचा निशाण. नक्षी त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं आणि तो टायर गोटाच झाला. माझ्या मते कोकणात जाणाऱ्याने तिथवर थांबूच नये. पावसात खाचांचं काम एकच, चाकाखालचं पाणी बाजूला फेकणं. ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर हे काम झपाट्याने बिघडतं, ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं आणि साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागतं. गेल्या ऑगस्टमध्ये पाटणच्या पुढे रस्त्यावर पाणी होतं आणि अर्धा सेकंद स्टीअरिंग हातात हलकं लागलं. मागे मुलं झोपली होती. तो अर्धा सेकंद मी विसरलेलो नाही.

म्हणून निर्णय असा झाला: बाबांचे टायर नागपूरच्या आधी, माझे पावसाच्या आधी. हाच प्रवास उलटा असता, म्हणजे बाबांना गावातच फिरायचं असतं आणि मला मे महिन्यात कोरड्या हमरस्त्याने जायचं असतं, तर मी दोन्हींपैकी कशाचीच घाई केली नसती, फक्त बाबांना लांब जाऊ दिलं नसतं. वयाची मर्यादा कुठे धरायची याबाबत एकमत नाही. मिशेलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासायला सांगते आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी बदलायला सांगते. बरेच गाडी बनवणारे सहा वर्षं म्हणतात. आपलं ऊन बघता मी सहा धरतो. बाजूला फुगा आला असेल किंवा चिरेत आतले धागे दिसत असतील तर वय आणि नक्षी दोन्ही बाजूला ठेवा, तो टायर त्याच दिवशी काढा.

निवड करताना मात्र दोन्ही गाड्यांचं गणित नेमकं उलटं निघालं.

दुकानात सगळ्यात आधी "हा जास्त चालेल" असं सांगतात. सिएटचा मिलेझ, अपोलोचा अमेझर ४जी लाइफ, ब्रिजस्टोनचा स्टर्डो हे जास्त किलोमीटर हा गुण पुढे करून विकले जाणारे टायर आहेत. रोज ६०-७० किलोमीटर कोरड्या रस्त्याने ये-जा करणाऱ्याला ते योग्यच. पण बाबा वर्षाला ३,००० किलोमीटर चालवतात. त्यांचा टायर झिजून कधीच जाणार नाही, म्हातारा होऊन जाईल. न वापरायच्या आयुष्यासाठी पैसे का मोजायचे? त्यांच्यासाठी मी दोनच गोष्टी बघितल्या: खड्ड्यांत मऊ लागावा आणि ताजा असावा. १६५/७० आर १४ या मापात (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आणि रिम किती इंचाची) भारी पर्याय फारसे नाहीतच. देशी कंपनीचा साधा टायर घेतला, पण तारखेवर अडून बसलो. एका दुकानात चौदा महिन्यांपूर्वीचा टायर सवलतीत देत होते. सावलीत नीट ठेवलेला वर्षभर जुना टायर खराब नसतो, आणि माझ्यासारख्या चार वर्षांत झिजवणाऱ्याने तो सवलतीत घ्यायला हरकत नाही. पण बाबांच्या टायरचं आयुष्य तारखेवरच मोजलं जाणार, त्यातलं वर्ष आधीच दुकानात संपलेलं. तो परत केला.

माझ्यासाठी ओल्या रस्त्यावरची पकड हा पहिला निकष होता. पकड देणारं रबर सहसा थोडं लवकर झिजतं, ते मी मान्य केलं. माझी निवड शेवटी गुडइयरचा अश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, जो ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकसाठीच विकला जातो, आणि मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी, ज्याची ख्याती शांतपणाची, या दोघांत अडकली. रोज महामार्गावर असतो तर शांत टायर घेतला असता. घाटात आवाजाची मला पर्वा नाही, पहिला घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशन जुन्या दराचं नाही ना आणि बिल पक्कं आहे ना, हे जरूर बघा.

रुंद टायरचा मोह अनेकांना होतो. स्विफ्टच्या २०१८ नंतरच्या पिढीत खालच्या प्रकाराला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ असं माप होतं. हिशेब केला तर दोन्हींचा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपासच येतो. कंपनीने दिलेल्या अशा पर्यायी मापापर्यंत जायला हरकत नाही. त्यापलीकडे जाऊ नये, स्पीडोमीटर चुकतो आणि टायर फेंडरला घासू शकतो. मापानंतरचा आकडा आणि अक्षरही जुळवा. ८८एच म्हणजे एका टायरवर ५६० किलो आणि ताशी २१० किलोमीटर. मूळ टायरपेक्षा कमी कधीच नको.

माझे मागचे दोन टायर ४ मिलिमीटरचे होते, म्हणून मी दोनच बदलले. नवे टायर मागे बसवा म्हटल्यावर दुकानातला मुलगा चकित झाला. इंजिन पुढची चाकं फिरवतं म्हणून नवे पुढे, अशी सर्रास पद्धत आहे. पण पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय हळूच उचलला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गोल फिरते, आणि ती सावरणं माझ्यासारख्या साध्या चालकाच्या आवाक्यातलं नाही. म्हणून नवे मागे, मागचे ४ मिलिमीटरचे पुढे. दोन्ही गाड्यांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घेतलं. नायट्रोजन भरला नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. त्याऐवजी दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना हवा बघतो.

नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर त्याची पकड पूर्ण लागत नाही. म्हणून बाबांचं काम निघायच्या तीन आठवडे आधी उरकलं. नागपूरच्या आधी तळेगावला मावशीकडे त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या.