रीलोडिंगचा पहिला संच आणि गेलेले 612 डॉलर

मी टेक्सासमध्ये राहतो आणि 308 विंचेस्टर या काडतुसाच्या रायफलने नेमबाजीचा सराव करतो. झाडलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी), मोजलेली बंदुकीची दारू आणि गोळी बसवून पुन्हा काडतूस तयार करण्याला रीलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरापुरते हे काम करायला अमेरिकेत संघीय परवाना लागत नाही. (भारतात मात्र 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे.) इथले काही मराठी मित्र हल्ली या छंदासाठी कोणते सामान घ्यावे असे मला विचारतात, म्हणून 2021 साली माझी कशी फसवणूक झाली ते लिहीत आहे.

त्या वर्षी दुकानांत काडतुसे दिसत नव्हती आणि प्रायमर तर त्याहूनही दुर्मिळ झाले होते. मला सिंगल-स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारे, दांड्याने दाबायचे यंत्र), 308 च्या डायचा (पुंगळीला दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यांचा) संच, पुंगळीची कड पकडून ठेवणारा शेलहोल्डर, वजनकाटा आणि लांबी-जाडी मोजणारा कॅलिपर एवढे सामान हवे होते. पण जिथे पाहावे तिथे माल संपल्याची पाटी होती. एका संकेतस्थळावर मात्र हे सगळे उपलब्ध होते, शिवाय प्रायमरही हजारी 35 डॉलरने मिळत होते आणि सारा माल सरकारी टपालाने मोफत घरपोच येणार होता. पैसे फक्त झेलवरूनच (बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याची अमेरिकन सेवा) भरता येत होते. मी त्याच रात्री 612 डॉलर पाठवले.

चौथ्या दिवशी ईमेल आला. प्रायमर हा धोकादायक माल असल्यामुळे पार्सल अडवले आहे, सुटकेसाठी आणखी 280 डॉलर अनामत भरा, माल पोचताच ती परत मिळेल, असे त्यात म्हटले होते. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली आणि मी नेमबाजीच्या रेंजवरच्या एका ज्येष्ठ सदस्यांना ते पान दाखवले. त्यांनी किमतीकडे पाहिलेसुद्धा नाही. डायच्या वर्णनातल्या एका वाक्यावर त्यांनी बोट ठेवले: ‘कार्बाइड डाय असल्याने 308 च्या पुंगळ्यांना वंगण लावण्याची गरज नाही.’

पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांच्या बाबतीत ते वाक्य बरोबर आहे. 308 ची पुंगळी मात्र बाटलीसारखी, खांदा आणि मान असलेली असते. डाय कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची असली तरी तिला वंगण लावावेच लागते. असे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही रायफलची पुंगळी डायमध्ये घातलेली नव्हती. दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, पण तीही तितकीच महत्त्वाची होती. अमेरिकेचे सरकारी टपाल खाते प्रायमर आणि दारू स्वीकारतच नाही. हा माल खासगी कंपन्यांमार्फत येतो आणि धोकादायक मालाचे शुल्क खरा विक्रेता मागणी नोंदवतानाच दाखवतो, मागाहून ईमेल पाठवून मागत नाही.

280 डॉलर मी भरले नाहीत. आधीचे 612 मात्र परत मिळाले नाहीत, कारण व्यवहार मी स्वतः मंजूर केला असल्याचे बँकेने कळवले. एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे मी तक्रार नोंदवली आहे.

त्यानंतर मी आधी रीलोडिंगची पुस्तिका विकत घेऊन शेवटपर्यंत वाचली आणि मगच सामान घेतले. हीच पुस्तिका मी आधी वाचली असती, तर संकेतस्थळाचे ते वाक्य मला स्वतःलाच खटकले असते, असे मला आजही तीव्रतेने वाटते. प्रेस मी त्या सदस्यांकडूनच वापरलेला, पण बिडाचा आणि भक्कम असा घेतला. पहिल्याच आठवड्यात एका पुंगळीला वंगण लावायचे राहिले. प्रेसचा दांडा अर्ध्यावर जड झाला, मी जोर लावून तो तसाच खाली दाबला, आणि परत उचलताना शेलहोल्डरने पुंगळीची कड ओरबाडून काढली. पुंगळी डायमध्येच घट्ट अडकून राहिली. तुटलेल्या कडेचा तो पितळी तुकडा अजून माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात एका मित्राने खरेदीपूर्वी मला एक दुवा पाठवला. संकेतस्थळाचे नाव वेगळे होते, पण छायाचित्र त्याच डायचे होते आणि त्याखाली वंगणाचे तेच वाक्य जसेच्या तसे होते.