दुपारचा साक्षरता वर्ग, वरच्या मजल्यावरचे अभिवाचन आणि मधला जिना

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी गेल्या वर्षी आषाढात एकदा कणीक मळता मळता विचारले, "ताई, तुमच्या लायब्ररीत मोठ्या माणसांना शिकवतात का हो?" त्यांचे वय बावन्न. शाळा पाहिली ती जेमतेम एक वर्ष, तीही भोर तालुक्यातल्या गावी. मुले शिकली, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, आणि मावशी मात्र बसथांब्यावर शेजारच्या माणसाला "ही कुठली हो?" असे विचारतात. पीएमपीच्या बसवरची पूर्वीची रंगवलेली पाटी निदान जागची हलत नसे. आताच्या विजेच्या पाटीवरची अक्षरे पहिला शब्द जुळेपर्यंत पुढे सरकून जातात. त्या पाटीला गाठायचे, एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते.

मी या ग्रंथालयाची अठरा वर्षांची वर्गणीदार आहे. तरीही तळमजल्यावर प्रौढांचा वर्ग चालतो हे मला चौकशी केल्यावरच कळले. म्हणून पहिला दोष येथेच नोंदवते: वर्गाची सूचना जिन्याजवळच्या फलकावर, बारीक टायपात लावलेली होती, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याने ती वाचून यावे अशी अपेक्षा होती. वर्गात जमलेली माणसे त्या सूचनेमुळे आलेली नव्हतीच; एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला, अशी ती आली. ग्रंथालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही. पेठेतले जुने, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेले आणि अनुदानाची वाट पाहत चालणारे ग्रंथालय, एवढी ओळख पुरेशी आहे.

वर्गाची वेळ हा या उपक्रमातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. सुरुवातीला वर्ग संध्याकाळी सहाला भरत असे, कारण शिकवणारे महाविद्यालयीन स्वयंसेवक त्या वेळी मोकळे असत. पण तीच वेळ घरोघरच्या संध्याकाळच्या स्वयंपाकाची, त्यामुळे दोन आठवड्यांत निम्म्या बायका येईनाशा झाल्या. मग वर्ग दुपारी अडीच ते चार असा हलवण्यात आला. एक ते चार या वेळात पुण्यात काहीही उघडे ठेवणे म्हणजे परंपरेला धक्का आहे, आणि देवघेव विभाग अर्थातच तेव्हाही बंदच असतो. पण सकाळची धुणीभांडी आटोपून संध्याकाळच्या कामाला निघेपर्यंत या बायकांना जो काही वेळ मिळतो तो नेमका हाच. शहर झोपते तेव्हा त्यांची शाळा भरते. चौदा जणांच्या वर्गात अकरा बायका होत्या, आणि उरलेल्या तिघांत एक सोसायटीचे रखवालदार व एक पथारीवाले काका होते.

पहिले दोन आठवडे सोबत म्हणून मी मागे बसत असे, त्यामुळे शिकवण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिता येईल. मुख्य शिक्षिका निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी वर्णमालेचा तक्ता उघडलाच नाही. प्रत्येकाला स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिले आणि त्या नावातली अक्षरे एकमेकांच्या नावांत शोधायला लावली. एकीचा 'म' दुसरीच्या नावात सापडला की वर्गात हशा पिकत असे. त्यानंतर ग, म, भ, न या जुन्या क्रमाने, म्हणजे वळणाने एकमेकांसारखी असलेली अक्षरे एकत्र घेऊन, पुढचा प्रवास झाला. काना आल्याबरोबर शब्द फुटू लागले. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीशी मात्र सगळ्यांचीच झटापट झाली, आणि तेथे बाईंनी समंजसपणा दाखवला: अर्थ लागतो आहे ना, मग शुद्धलेखन नंतर पाहू, असे सांगून त्या पुढे गेल्या. रखवालदार काकांना महिनाभर काहीच जमेना, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या बुद्धीविषयी मनातल्या मनात निदान करून टाकले होते. बाईंनी त्यांना आधी चाळिशीचा चष्मा करून यायला सांगितले. चष्मा आला आणि पंधरा दिवसांत काका इतरांच्या बरोबरीला आले. प्रौढांच्या प्रत्येक वर्गाची सुरुवात नेत्रतपासणीने व्हावी, ही माझी पहिली सूचना आहे. दुसरी सूचना बैठकीविषयी: बालविभागातल्या बुटक्या खुर्च्या संधिवात असलेल्या गुडघ्यांसाठी शिक्षाच आहेत.

एका अडचणीचा विचार मात्र या वर्गात कोणी केलेला दिसला नाही. शाळेच्या वळणात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शिकवला जातो, आणि राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानेही मराठीसाठी हीच वळणे प्रमाण ठरवली आहेत. पण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' सर्रास दिसतात. आपल्याला दोन्ही वळणे इतकी सरावाची असतात की फरक जाणवतही नाही. मावशी मात्र लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पाटीसमोर थांबल्या आणि पहिले अक्षर आपल्याला अजून शिकवलेले नाही असे म्हणाल्या. 'ल' त्यांना दीड महिन्यापूर्वीच आला होता. वर्गाबाहेरच्या पाट्यांची छायाचित्रे दाखवून हा गोंधळ एका दुपारी मिटवता आला असता. तो मिटायला प्रत्यक्षात दिवाळी उजाडली.

हा वर्ग केंद्र शासनाच्या 'उल्लास' म्हणजेच नव भारत साक्षरता कार्यक्रमाशी जोडलेला आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला हा कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असून त्यातले शिकवणारे स्वयंसेवक मानधनाशिवाय काम करतात. शेवटी पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाची चाचणी असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण, उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के. महाराष्ट्रात ही चाचणी पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. मावशींची यंदाच्या मार्चमध्ये, जवळच्याच एका शाळेत झाली. संख्याज्ञानात त्यांना शिकवण्यासारखे फारसे काही नव्हतेच, कारण महिन्याचे खाडे त्या माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा बिनचूक मोजतात. चाचणीची तयारी वर्गाने नीट करून घेतली, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यानंतरच्या गोष्टीची. चाचणी झाली, प्रमाणपत्र आले आणि वर्ग संपला. या कार्यक्रमाचे कागदावर पाच भाग आहेत आणि त्यांतला शेवटचा निरंतर शिक्षणाचा आहे. एखाद्या ओसाड गावात त्याचे काय करायचे हा प्रश्न पडू शकतो, पण ज्या वास्तूत डोक्यावरच हजारो पुस्तके आहेत तेथे तो पडायला नको होता. प्रत्यक्षात चौदा नवसाक्षर तळमजल्यावर शिकले आणि तेथूनच घरी गेले. वर घेऊन जाऊन "हे कपाट तुमचे" असे त्यांना कोणी म्हटले नाही. आता, कपाट दाखवायचे तरी कोणते, हाही खरा प्रश्न आहे. मोठ्या टायपातली पुस्तके असतात ती बालविभागात, आणि त्यांत ससा, कासव आणि राजकन्या. मोठ्या माणसांच्या आयुष्याशी संबंध असलेली पुस्तके असतात ती बारीक टायपात, जोडाक्षरांनी गच्च भरलेली. बावन्न वर्षांच्या, दोन सुना आणलेल्या बाईला सशाची गोष्ट वाचायला देणे हे सौजन्याचे नाही. मी हे लेखी कळवल्यावर ग्रंथपालांनी दोन महिन्यांत तीसेक पुस्तकांची एक फळी वेगळी केली: पाककृती, आरोग्य, संतांचे अभंग, लहान लहान कथांच्या पुस्तिका. निवड सगळी जमलेली नाही, पण फळी आहे, आणि ती कमरेच्या उंचीवर आहे.

वाचनाचे कार्यक्रम वरच्या सभागृहात होतात. त्यांतला वाचन प्रेरणा दिनाचा कार्यक्रम मी मावशींना घेऊन पाहिला. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, हा दिवस महाराष्ट्रात २०१५ पासून साजरा होतो. पाचची वेळ होती. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, शाल, श्रीफळ आणि वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावरचे चिंतन यांत पन्नास मिनिटे गेली. पहिल्या दोन रांगा राखीव असल्याने तळमजल्यावरच्या बायका शेवटच्या रांगेत, पंख्याच्या घरघरीखाली बसल्या होत्या. सहाला त्यांना कामावर पोचायचे होते. उठताना मावशींनी मला हळूच विचारले, "ताई, पुस्तक कधी वाचणार हे?" त्या कार्यक्रमाचे याहून नेमके परीक्षण मला करता येणार नाही.

जानेवारीतले अभिवाचन मात्र मनापासून शिफारस करावी असे होते. या वेळी कार्यक्रम तळमजल्यावर, वर्गाच्याच वेळी ठेवला होता, आणि विषय होता जात्यावरच्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे त्या दिवशी निवेदनात सांगितले गेले. पण श्रोत्यांना ओव्या काय असतात हे सांगायची गरज नव्हती. वाचणाऱ्या बाईंनी प्रत्येकीच्या हाती मोठ्या टायपातली झेरॉक्स दिली आणि संथ वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओवीला मागून आवाज आला, पाचव्या ओवीला सगळा वर्ग म्हणू लागला, आणि बोटे मात्र कागदावर ओळीखालून सरकत होती. जे तोंडी येते तेच डोळ्यांसमोर छापलेले दिसले की अक्षरे ओळखीची होतात, ही गोष्ट मला त्या तासाभरात जेवढी पटली तेवढी कोणत्याही भाषणाने पटली नसती. एकीने तर छापलेल्या ओवीतला एक शब्द चुकीचा आहे, आमच्याकडे असे म्हणत नाहीत, असे ठणकावून सांगितले. सात महिन्यांपूर्वी तिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते.

१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्याच वर्षी याच शहरात पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर, स्थापन झाले. १८५५ साली फुले दांपत्याने शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. शिकवणे आणि पुस्तके सांभाळणे ही दोन्ही कामे या शहरात इतकी जुनी आहेत. आमच्या ग्रंथालयात मात्र त्यांच्यामध्ये अजून एक जिना आहे, आणि ओव्यांच्या दिवशी वरची मंडळी तो उतरून खाली आली तेवढाच काय तो अपवाद.

ज्यांना कोणाला येथे पाठवायचे असेल त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. वर्गाला शुल्क नाही. वही आणि पेन्सिल मिळते, चष्मा आपला आपण न्यावा. नोंदणीसाठी आधार कार्ड मागतात. दारात कोणी विचारपूस करायला नसते, म्हणून पहिल्या दिवशी सोबत जावे आणि जमल्यास दोनचार दिवस बसावे. पुस्तके घरी नेण्यासाठी अनामत आणि मासिक वर्गणी वेगळी भरावी लागते, आणि वर्गातल्या विद्यार्थ्यांना त्यात सवलत नाही; ती असायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. मुक्तद्वार वाचनालयात वर्तमानपत्रे फुकट वाचता येतात, परंतु ते सकाळी आणि संध्याकाळी उघडे असते, आणि या बायकांच्या सकाळ-संध्याकाळी दुसऱ्यांच्या घरी जातात.

मावशींनी मे महिन्यात स्वतःच्या पैशांनी अनामत भरली. अर्जावर अंगठ्यासाठी जागा होती, तेथे त्यांनी सही केली. आठ दिवसांनी संगणकावर छापलेले सभासद कार्ड हाती आले तेव्हा त्यावर त्यांचे नाव इंग्रजी अक्षरांत होते, आणि ते त्यांना वाचता येईना. मी विचारणा केल्यावर ग्रंथपालांनी आधी सॉफ्टवेअरला दोष दिला, मग जरा ओशाळून कार्ड उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईने त्यांचे नाव ठळक देवनागरीत लिहून दिले. मावशी आता पुस्तक बदलताना कार्ड खिडकीतून उलटेच पुढे करतात.