सोसायटीचा पुनर्विकास: सगळं नियोजन आधी, की टप्प्याटप्प्याने?

कोथरूड-सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांमध्ये पुनर्विकासाचा विषय निघाला की समितीत दोन बाजू पडतात. हिंजवडीत आयटीत काम करणारे सभासद म्हणतात, दोन-दोन आठवड्यांचं ठरवत जाऊ. बांधकामात आयुष्य गेलेले काका म्हणतात, सगळं कागदावर आल्याशिवाय कुदळ मारायची नाही.

दोन्ही पद्धती पक्क्या आहेत. पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापनाच्या संस्थेच्या ‘पीएमबोक’ या मार्गदर्शक पुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत (2017) 49 प्रक्रिया आहेत, त्यातल्या 24 नियोजनाच्या. व्याप्ती, वेळ, खर्च, दर्जा, जोखीम, खरेदी अशा दहाही क्षेत्रांत नियोजन आहेच. म्हणजे नुसता बार चार्ट (कामांच्या तारखांचा पट्ट्यांचा तक्ता) हे नियोजन नव्हे. स्क्रम ही आयटीतली टप्प्याटप्प्याने काम करायची पद्धत; तिच्यात स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, जास्तीत जास्त एक महिन्याचा असतो आणि त्याच्या नियोजनाला कमाल आठ तास.

निवड करताना एकच बघा: एका ठिकाणचा बदल किती लांब धावतो? अ‍ॅपमधलं बटण हलवलं तर पुढच्या स्प्रिंटमध्ये ते सुधारून मिळतं. बाथरूम फूटभर सरकवायचं असेल, तर नकाशावर ती आर्किटेक्टची एक रेघ आहे. स्लॅब पडल्यावर मात्र कोअर कटिंग करा (काँक्रीटला भोक पाडा), वॉटरप्रूफिंग पुन्हा करा, खालच्या मजल्याच्या पाइपलाइनशी जुळवा, ठेकेदाराचं जादा बिल द्या. त्यात ताबा लांबला तर सभासद भाड्याच्या घरात अडकतात, ते वेगळंच. म्हणून कार्पेट एरिया, स्ट्रक्चर, करारनामा, भाडं आणि बँक गॅरंटी यांच्या बाबतीत मी ठामपणे काकांच्या बाजूने आहे. पावसाळ्याआधी खोदाई उरकून पाया वर आणायचा, तर तारखा जूनपासून उलट्या मोजाव्या लागतात.

टाइल्स-फिटिंगची निवड, सभासदांशी संवाद, जोखमींची यादी हे मात्र दर महिन्याला बसून ठरवावं. तिथे आयटीवाल्यांची शिस्त फार उपयोगी पडते.

पुणे मेट्रो 6 मार्च 2022 रोजी वनाझ ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी एवढीच सुरू झाली, स्वारगेटपर्यंत 2024 मध्ये पोचली. ती खुली टप्प्याने झाली. खांब आणि रुळांची उंची काही स्टेशनागणिक ठरवत गेले नाहीत.

सल्लागार नेमताना त्याला विचारा: काम दोन महिने लांबलं, तर भाडं, गॅरंटीची मुदत आणि ठेकेदाराचे हप्ते कुठे कुठे बदलतील? जो हे तिन्ही एकाच तक्त्यावर दाखवेल, त्यालाच काम द्या.